कारण लेखी द्या

त्या काळी शिकागोतल्या बँका खातं उघडलं की टोस्टर द्यायच्या. टोस्टर नको असेल तर ब्लँकेट, थर्मास, नाहीतर ब्लेंडर. आमच्या मंडळींत ब्लेंडरला मागणी जास्त, कारण पाटा-वरवंटा कोणी विमानातून आणला नव्हता आणि ओल्या खोबऱ्याची चटणी टोस्टरमध्ये होत नाही. या भेटींमागे बँकांची दानत वगैरे काही नव्हती. ठेवींवर किती व्याज द्यायचं याची कमाल मर्यादा सरकारनं घालून दिली होती. सेव्हिंग्ज अँड लोन नावाच्या, मुख्यतः घरकर्जं देणाऱ्या संस्थांना सत्तरीच्या दशकात बरीच वर्षं पासबुकावर सव्वापाच टक्क्यांच्या वर जाता येत नसे. व्याज वाढवून गिऱ्हाईक ओढता येत नाही म्हटल्यावर ब्लेंडर देऊन ओढायचं, इतका सरळ हिशेब.

पण त्या बँका देखण्या होत्या यात शंका नाही. उंच छत, पितळी जाळ्या, लाकडी टेबलं, साखळीला बांधलेलं पेन. पासबुक खिडकीतून आत सरकवायचं आणि यंत्रात ठक्ठक् करून ते जांभळ्या आकड्यांनिशी परत यायचं. खिडकीतल्या बाईला आपलं आडनाव उच्चारता येत नसे, पण चेहरा तिला ठाऊक असायचा. थंडीच्या दिवसांत तर नुसतं उबेला आत जाऊन उभं राहिलं तरी कोणी हटकत नसे.

आमचं महाराष्ट्र मंडळ १९६९ मधलं. त्याच्या गणपतीत आमच्या वयाची माणसं कॉफी घेऊन एका टेबलाशी जमली की हा विषय निघतोच. "तेव्हा बँकेत माणूस भेटायचा हो," असं कोणीतरी म्हणतं, आणि बाकीचे माना हलवतात. माझ्या नातीनं मध्यंतरी घराचं कर्ज फोनवर मंजूर करून घेतलं. कर्ज देणाऱ्याचं तोंड तिनं पाहिलं नाही, तिचं त्यानं पाहिलं नाही. हे ऐकलं की टेबलावरचे सुस्कारे आणखी लांब होतात.

मी त्या सुस्काऱ्यांत सामील होत नाही. माणूस भेटायचा, हे खरं. तो कशावरून ठरवायचा आणि ठरवलेलं कुठे लिहून ठेवायचा का, हे मात्र कोणी विचारत नसे.

आम्हाला तो १९७४ च्या वसंतात भेटला. ही वेस्ट साइडच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, मी एका कारखान्यात डिझाइनवर. ऑस्टिन भागात विटांचं एक टू-फ्लॅट आम्हाला आवडलं होतं. टू-फ्लॅट म्हणजे शिकागोची खास चीज: खाली आपण राहायचं, वरचा मजला भाड्यानं द्यायचा, हप्त्याचा निम्मा भार भाडेकरू उचलतो. एका सेव्हिंग्ज अँड लोनमध्ये आम्ही गेलो. अधिकारी फार सज्जन. कॉफी दिली, मुंबईत उकाडा किती असतो ते विचारलं. मग हिचा पगार निम्माच धरला. का, तर उद्या मूल झालं की ती नोकरी सोडणार. तुमचा पुढचा विचार काय, हेही त्यानं विचारलं, मला. ही शेजारीच बसली होती. त्या वर्षांत हे अगदी रीतसर चालायचं. काही सावकार तर कुटुंबनियोजनाचं डॉक्टरांचं पत्र मागत. आपल्याकडे लाल त्रिकोणाच्या जाहिराती होत्या, पण कर्जासाठी त्याचा दाखला मागायचं अजून कोणाला सुचलं नव्हतं.

हे सगळं आम्ही गिळलं. निम्मा पगार धरूनही आकडे बसत होते. मग त्यानं घराचा पत्ता पाहिला आणि फाइल मिटली. "त्या बाजूला सध्या आम्ही करत नाही." का करत नाही, ते सांगितलं नाही. नकाराचं पत्र आलं नाही. नकार दिला गेला याचीच कुठे नोंद नव्हती, तर दाद कसली मागणार?

"त्या बाजूला" म्हणजे काय, ते समजायला चाळीस वर्षं मागं जावं लागतं. मंदीत लाखो घरांवर जप्ती येऊ लागली तेव्हा १९३३ मध्ये सरकारनं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. घरं वाचवण्याचं काम त्यानं चोख केलं. त्याच संस्थेनं पुढे दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा उत्तम, निळा बरा, पिवळा उतरणीला लागलेला, लाल धोक्याचा. जिथे कृष्णवर्णीय राहत तो भाग बहुतेक ठिकाणी लालच. घरं पक्की असली, माणसं कमावती असली, तरी लाल. अलीकडच्या इतिहासकारांचं म्हणणं असं की या नकाशांचा जेवढा बोभाटा झाला तेवढा त्यांचा थेट वापर झाला नाही. खरं नुकसान १९३४ साली जन्मलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननं केलं. हे खातं स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाला सरकारी हमी देई. हमी आहे म्हटल्यावर बँका थोड्या डाउन पेमेंटवर, लांब मुदतीचं कर्ज देऊ लागल्या आणि अमेरिकन मध्यमवर्ग घरमालक झाला. पण हमी कुठे द्यायची याच्या खात्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की न जुळणारे वंशगट शेजारी आले तर वस्तीची किंमत घसरते. लेखी होतं ते एवढंच. सरकारनं भेद लिहून ठेवला आणि बँकांनी तो तोंडी पाळला.

मग ज्यांना बँक कर्ज देत नाही ते घर कसं घेत? शिकागोत त्याला एक उत्तर होतं: कॉन्ट्रॅक्टवर. नॉर्थ लॉनडेल नावाचा भाग घ्या. १९५० साली तिथे शंभरात तेराच कृष्णवर्णीय होते, १९६० साली एक्क्याण्णव. दहा वर्षांत एक अख्खी वस्ती बदलली, आणि ती आपोआप बदलली नाही. दलाल आधी गोऱ्या घरमालकाच्या दारात जाऊन "ते लोक येताहेत" अशी भीती घालायचे, घाबरलेल्याचं घर पडेल भावात घ्यायचे आणि तेच घर दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला दुप्पट, कधी त्याहून जास्त किमतीला विकायचे. विकायचे म्हणजे काय, डाउन पेमेंट घ्यायचे, दरमहा हप्ता घ्यायचे, दुरुस्ती आणि कर घेणाऱ्याच्याच माथी, पण घराची मालकी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याकडे. मधे एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. सापशिडीत अठ्ठ्याण्णववर साप बसलेला असतो, तसा हा करार. फरक इतकाच की इथे साप प्रत्येक घरात होता. कुटुंब बाहेर काढायचं आणि तेच घर पुन्हा तिसऱ्याला, चौथ्याला विकायचं. हप्ता वेळेवर जावा म्हणून बाप दोन-दोन नोकऱ्या करायचा, आई रात्रपाळी करायची, वरच्या मजल्यावर भाडेकरू कोंबायचे, रंगरंगोटीला पैसे उरायचे नाहीत. आणि मग शहरातले शहाणे म्हणायचे, बघा, हे लोक घरं कशी ठेवतात.

मार्टिन ल्यूथर किंग १९६६ च्या जानेवारीत याच लॉनडेलमध्ये, हॅम्लिन ॲव्हेन्यूवरच्या एका पडक्या इमारतीत भाड्यानं राहायला आले होते. ऑगस्टमध्ये मार्केट पार्कच्या गोऱ्या वस्तीतून मोर्चा नेताना त्यांच्या डोक्यात दगड बसला. १९६८ मध्ये लॉनडेलच्या रहिवाशांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग काढली आणि हप्ते थांबवले. शेरीफची माणसं घरातलं सामान रस्त्यावर मांडत आणि शेजारी ते उचलून पुन्हा आत नेत. शेकडो कुटुंबांना करार बदलून मिळाले. कोर्टातले मोठे खटले मात्र लीग हरली.

आपल्या वाचकाला यात काहीतरी ओळखीचं लागेल. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे जाळले. त्यातून चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यातलं एक कलम मला नेहमी आठवतं: कुळानं मागितलं तर सावकारानं पावती द्यायची, वर्षाचा हिशेब लेखी द्यायचा, पासबुक द्यायचं. धर्म आणि वंश वेगळे, काळ वेगळा, पण ज्याच्याकडे वही त्याच्याकडे सत्ता, हे दोन्हीकडे सारखं होतं.

४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली. शिकागोची वेस्ट साइड पेटली, मॅडिसन स्ट्रीटचे कित्येक ब्लॉक बेचिराख झाले. आठवड्याच्या आत, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग ॲक्टवर सही केली. घर विकताना, भाड्यानं देताना आणि घरासाठी कर्ज देताना वंश, वर्ण, धर्म, मूळ देश बघायचा नाही. म्हणजे आमची फाइल मिटली गेली त्याच्या सहा वर्षं आधीच ते बेकायदा ठरलं होतं! पण कायद्याला दात नव्हते. केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं तक्रार घ्यायची आणि दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढायची, फार तर एवढंच. दात फुटले १९८८ च्या दुरुस्तीनं. आणि मुळात तक्रार करणार कशाच्या जोरावर? त्या सज्जन अधिकाऱ्यानं "तुम्ही हिंदी आहात" किंवा "तिथे काळे राहतात" असं कधी म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला, "त्या बाजूला."

स्त्रियांचं गाऱ्हाणं आधी ऐकलं गेलं. लिंडी बॉग्ज नावाच्या लुइझियानाच्या खासदारबाई बँकिंग समितीत होत्या. कर्जातल्या भेदभावाविरुद्धच्या विधेयकात लिंग आणि वैवाहिक स्थिती हे शब्द नव्हते. बाईंनी ते हातानं लिहिले, फोटोकॉपी काढून सभासदांना वाटल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की आपण सर्वांनी हे अनवधानानंच गाळलं असणार. समोरासमोर कोण नाही म्हणणार? १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट झाला, वर्षानं लागू झाला. गंमत अशी की पहिल्या कायद्यात लिंग आणि वैवाहिक स्थिती एवढंच होतं. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, वय हे सारं १९७६ च्या दुरुस्तीनं आलं आणि मार्च १९७७ पासून चालू झालं. त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली, आणि माझ्या मते साऱ्या कायद्यात तीच मोलाची: कर्ज नाकारलं तर अर्जदाराला कारण मिळण्याचा हक्क. "आमच्या निकषात बसत नाही" असं गुळमुळीत नाही. नेमकं काय बसत नाही ते.

१९७७ मध्ये आम्ही दुसऱ्या एका संस्थेत गेलो. हिचा पगार पुरा धरला. मुलांबद्दल कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ही काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे, कारण तिच्या पर्समध्ये वर्तमानपत्राचं कात्रण होतं. व्याज नऊ टक्क्यांच्या आसपास. चार वर्षांनी घर घेणाऱ्यांनी अठरा टक्के मोजले, म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान म्हणत आलो. घर मात्र ऑस्टिनमध्ये नाही, स्कोकीत. आमच्या एजंटबाईंनी गाडी उत्तरेकडेच वळवली. "तिकडच्या शाळा चांगल्या आहेत," म्हणाल्या. शाळा चांगल्या होत्याच. मराठी माणसाला शाळा चांगली म्हटलं की पुढचा प्रश्न सुचत नाही.

ऑस्टिनमध्ये राहून ज्यांनी तो पुढचा प्रश्न विचारला त्यांत गेल सिन्कॉटा होत्या. सहा मुलग्यांची आई, गोरी, कॉलेजचं तोंड न पाहिलेली. मुलांच्या शाळेच्या पालकसभेपासून सुरुवात झाली आणि शाळा का खालावते याच्या मागं जाता जाता त्या बँकेच्या दारात पोचल्या. गल्लीतली माणसं पगार बँकेत ठेवतात, बँक ते पैसे सबर्बमधल्या नव्या घरांना कर्ज म्हणून देते आणि गल्लीत छप्पर दुरुस्त करायलाही देत नाही, असं त्यांचं साधं म्हणणं. बँका म्हणत, असं काही नाही. मग आकडे दाखवा, सिन्कॉटाबाई म्हणाल्या. १९७२ मध्ये शेल ट्रॅप यांच्यासह त्यांनी नॅशनल पीपल्स ॲक्शन उभं केलं. १९७४ मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेनं नियम केला: शहराच्या ठेवी हव्या असतील तर कर्जं कोणत्या भागात दिली ते उघड करा.

या माणसांबद्दल मला फार आदर आहे. चळवळ म्हटली की आपल्याला घोषणा आठवतात. यांनी मागितली होती वही. दयेची भाषा नाही, कोटा नाही, फक्त कुठे किती दिलं त्याची यादी. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी ते दिल्लीदरबारी, म्हणजे वॉशिंग्टनला नेलं. ३१ डिसेंबर १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी होम मॉर्गेज डिस्क्लोजर ॲक्टवर सही केली. त्यानं बँकांवर कर्ज देण्याची सक्ती केली नाही. वस्तीवार यादी दरवर्षी जाहीर करा, एवढंच सांगितलं. त्या यादीच्या बळावर १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट आला: जिथून ठेवी घेता तिथल्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या वस्त्यांच्या कर्जाच्या गरजाही भागवा, तपासनीस येऊन शेरा देतील आणि नवी शाखा काढायला किंवा दुसरी बँक गिळायला परवानगी मागाल तेव्हा तो शेरा पाहिला जाईल. या कायद्यात वंश हा शब्दही नाही. पण बँकांचं विलीनीकरण सुरू झालं तेव्हा त्याच शेऱ्याच्या धाकानं मोठमोठ्या बँकांचे अध्यक्ष सिन्कॉटाबाईंसारख्यांना चहाला बोलावू लागले. बाई २००१ मध्ये गेल्या.

या सगळ्यात आपण भारतीय कोण? हा प्रश्न विनोदी वाटेल इतका गुंतागुंतीचा आहे. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस गोरा नव्हे. १९७० च्या जनगणनेनं आम्हाला गोऱ्यांत मोजलं. १९८० मध्ये, भारतीयांच्या संघटनेनं पाठपुरावा केल्यावर, एशियन इंडियन असा वेगळा रकाना मिळाला. म्हणजे मी या देशात उतरलो तेव्हा कागदावर गोरा होतो, बँकेत नव्हतो. आमच्यातल्या काहींना त्या रकान्याचं दुःख झालं. आपण डॉक्टर-इंजिनिअर, आपल्याला अल्पसंख्याकांत कशाला घालता, असा सूर होता. ज्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यामुळे १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा झाला, आपल्याला व्हिसा मिळाला, बायकोचा पगार पुरा धरला गेला, त्यांच्यापासून चार हात लांब राहण्याची आपल्या मंडळींची धडपड मी अनेक वर्षं बघतो आहे. ती मला कधीच शोभून दिसली नाही.

१९८८ च्या मे महिन्यात अटलांटाच्या वर्तमानपत्रात बिल डेडमन या पत्रकाराची मालिका आली. त्यानं त्याच जाहीर याद्या घेतल्या, जनगणनेशी जुळवल्या आणि दाखवलं की सारख्या उत्पन्नाच्या वस्त्या घेतल्या तर गोऱ्यांना कृष्णवर्णीयांच्या पाचपट घरकर्जं मिळतात. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं आणि काँग्रेसनं कायदा बदलला: आता वस्तीच नव्हे, प्रत्येक अर्जदाराचा वंश, लिंग, उत्पन्न आणि अर्जाचं काय झालं हेही नोंदवायचं. घरकर्जाच्या फॉर्मवर वंशाचा रकाना असतो तो यासाठी. समोर बसलेल्या अर्जदारानं भरला नाही तर अधिकाऱ्यानं त्याच्याकडे बघून किंवा त्याच्या आडनावावरून तो भरायचा. आपल्या गोव्याकडच्या मेनेझिस, फर्नांडिस मंडळींना या अंदाजात कुठल्या कुठल्या देशांचं नागरिकत्व मिळालं असेल कोण जाणे. २०१८ पासून एशियनच्या पोटात एशियन इंडियन अशी वेगळी खूण करता येते.

मग गाडी उलटी वळली. ज्या वस्त्यांत कर्जाचं नाव निघत नसे तिथे २००० नंतर कर्जवाले दारोदार फिरू लागले. दर चढा, पहिली दोन वर्षं हप्ता थोडा, मग एकदम वाढलेला. चांगली पत असलेल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक गिऱ्हाइकांनाही महागडं सबप्राइम कर्ज चिकटवलं गेलं. २०११ च्या डिसेंबरमध्ये कंट्रीवाइडनं या आरोपावरून न्याय खात्याशी ३३.५ कोटी डॉलरना तडजोड केली. दोन लाखांहून जास्त कर्जदारांचा तो मामला होता. पुढच्या वर्षी वेल्स फार्गोनं १७.५ कोटी मोजले. हे बाहेर कसं आलं? त्याच वह्यांतून. ही कर्जं बुडून मंदी आली तेव्हा टीव्हीवरचे काही पंडित म्हणू लागले की १९७७ च्या कायद्यानंच बँकांना गरिबांना कर्ज द्यायला लावलं आणि देश बुडवला. फेडरल रिझर्व्हनं तपासलं तेव्हा चढ्या दराच्या कर्जांपैकी जेमतेम सहा टक्के कर्जं त्या कायद्याच्या कक्षेतल्या संस्थांनी, त्यांच्या ठरलेल्या भागात, कमी उत्पन्नाच्या लोकांना दिलेली निघाली. पंडितांनी तो आकडा वाचल्याचं ऐकिवात नाही.

आणि आताचं यंत्र? टेबलाभोवतीच्या माझ्या दोस्तांना यंत्राचा राग, मला त्याचा भरवसा नाही; दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९५ च्या सुमारास घरकर्जात क्रेडिट स्कोअर शिरला. स्कोअर वंश विचारत नाही, मूल होणार का विचारत नाही. पण लॉनडेलमध्ये ज्या आजोबांनी आयुष्यभर कॉन्ट्रॅक्टचे हप्ते भरले त्यांच्या नातवाच्या डाउन पेमेंटला आजोबांचं घर नाही, हे स्कोअरला कळत नाही आणि त्याला कळवून घ्यायचंही नाही. गोऱ्या कुटुंबांपैकी आज चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांपैकी पंचेचाळीसच्या आसपास. १९६० मध्ये, यातला एकही कायदा नसताना, हा फरक सत्तावीस टक्के होता.

यंत्रामागं अजून माणूसही आहे. कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला आर्मेनियन लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांची आडनावं 'यन' किंवा 'यान'नं संपतात. कर्दाशियन म्हटलं की लक्षात येईल. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण ब्युरोनं सिटीबँकेला अडीच कोटींहून जास्त डॉलरचा भुर्दंड बसवला, कारण २०१५ ते २०२१ या काळात तिथले कर्मचारी अशा आडनावांचे क्रेडिट कार्डाचे अर्ज बाजूला काढून नाकारत, आणि गिऱ्हाइकाला खोटी कारणं लिहून पाठवत. मी हे वाचलं तेव्हा माझ्या 'कर'कडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. आडनावावरून माणसाची जात काढण्यात आपली पीएचडी असते, तेव्हा आर्मेनियन माणसाचं दुःख आपल्याला तरी समजावून सांगायला नको. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिंग, जात, धर्म यांवरून कर्जात भेद करू नये असं म्हटलेलं आहे. पण कोणाचा अर्ज मंजूर झाला, कोणाचा नाही, याची अर्जागणिक जाहीर वही नाही.

वॉशिंग्टनचा वारा फिरला आहे. उद्देश सिद्ध झाला नाही तरी परिणामावरून भेदभाव ओळखता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं घरांच्या बाबतीत २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केलं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून केंद्रीय खात्यांना ही कसोटी शक्य तितकी सोडून द्यायला सांगितलं. उद्या अधिकारी पुन्हा "त्या बाजूला" म्हणाला तर सरकार आपल्या वतीनं विचारायला येईलच, असं धरून चालू नये.

म्हणून इथे राहणाऱ्या आणि येऊ घातलेल्या मराठी मंडळींना सांगतो. घरकर्जाच्या फॉर्मवर वंशाचा रकाना आला की "सांगू इच्छित नाही"वर बोट टेकवून पुढे जाऊ नका, भरा. ती वही तुमच्या-आमच्या नोंदींनीच भरते. कर्ज, कार्ड, गाडी, काहीही नाकारलं गेलं तर पुरा अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत ते कळवणं सावकारावर बंधनकारक आहे. पत्रात कारणं नसतील तर ती साठ दिवसांत मागता येतात, आणि मागितल्यावर तीस दिवसांत त्याला द्यावी लागतात. लाजू नका, मागा.